एकाच नगाची कारागिरी





जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीची परिषद बेळगावात कशासाठी, असे काहींना वाटले असेल. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावातच सायकलचे दुकान काढले. त्यातूनच पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर आले. 1910 मध्ये त्यांनी बस्तान कुंडलच्या माळावर हलवले. कारखाना गेला, पण गावाला लागलेला यंत्रांचा नाद काही सुटला नाही. आज उद्यमबाग आणि मच्छे परिसरात ओतकाम आणि हायड्रॉलिकचे भाग बनतात, तेही घाऊक.

दुरुस्तीवाला मात्र एकच नग मागतो. जुन्या मोटारीच्या दिव्याची वाटी, रेल्वेच्या कंदिलाची टोपी, स्टोव्हची चेपलेली टाकी. प्रेसवर हे काढायचे तर डायचाच खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त. इथे पत्र्याचे स्पिनिंग, म्हणजे फिरत्या चकतीला दाबून आकार देणे, कामाला येते, कारण त्याला लागतो फक्त एक फर्मा, आणि थोड्या नगांसाठी तो कठीण लाकडाचाही चालतो.

फर्मा लेथवर चढवायचा, पितळेची गोल चकती त्याच्या तोंडाशी टेलस्टॉकने दाबून धरायची आणि फिरवायची. कारागीर लांब दांड्याचे गुळगुळीत तोंडाचे हत्यार काखेत धरतो, रेस्टच्या खिळ्याला टेकवतो आणि अंगाचा भार टाकत पत्रा हळूहळू फर्म्यावर बसवतो. साबण किंवा मेण लावलेले नसेल तर पत्रा ओरखडतो. घाई केली की कडेला सुरकुत्या पडतात, म्हणून दुसऱ्या हातातल्या लाकडी काठीने कडेला मागून आधार द्यावा लागतो. मध्येच पितळ कडक होते. मग ते उतरवून, तापवून नरम करायचे आणि पुन्हा चढवायचे. चकतीचा हिशेब सोपा आहे: 10 सेंटीमीटर व्यासाच्या अर्धगोल वाटीला सुमारे 14 सेंटीमीटरची चकती, शिवाय कडेच्या कापणीपुरते थोडे जास्त.

शेवटचे एक काम, म्हणजे तयार वाटी पुन्हा तापवणे, पुष्कळ जण टाळतात, आणि त्याची किंमत या मुलुखातल्या पावसाळ्यात मोजावी लागते. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप तडकत. ओढलेल्या पितळेत कोंडलेला ताण आणि जनावरांच्या मुताचा अमोनिया यांची ही जोडी होती. 1921 मध्ये इंग्रज धातुशास्त्रज्ञांनी ती उलगडून दाखवली. स्पिनिंग केलेल्या वाटीतही तोच ताण असतो. काम संपल्यावर ती साधारण 250 ते 300 अंशांवर तासभर तापवली तर ताण उतरतो, कडकपणा बराचसा टिकतो. गोठ्याशेजारच्या वाड्यात कंदील टांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मात्र प्रत्येक जुन्या भांड्याला लेथवर चढवणे हा अडाणीपणा आहे. पुण्याच्या तांबट आळीतली मठारलेली हंडी हातोडीच्या खुणांनी ओळखली जाते. तिचा गेलेला भाग हातोडीनेच घडवावा. स्पिनिंग केलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला बारीक समकेंद्री वलये दिसतात आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. कारखान्यात बनलेले कंदील, स्टोव्ह, मोटारीचे दिवे यांची गोष्ट वेगळी. त्यातल्या पुष्कळ वस्तू मुळातच लेथवर किंवा प्रेसवर घडल्या आहेत.

आता थोडे कडू. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या पेटीवर नवा पितळी कर्णा बसवून अख्खा ग्रामोफोन 'अँटिक' म्हणून विकला जातो. असा माल बनवणाऱ्याचा हात चांगला असतो, दानत नसते. म्हणून स्वागत समितीचा आग्रह असा की नव्याने केलेल्या भागाच्या आतल्या बाजूला वर्ष ठोकावे आणि मूळ तुकडा फेकून न देता मालकाच्या हवाली करावा. काही व्यापारी मित्रांना हे रुचणार नाही. त्यांनी दुपारच्या चर्चेत खुशाल वाद घालावा.

जेवणानंतर मांडवामागे लेथ चालू होईल. ज्यांनी मोडके भाग आणले आहेत त्यांनी ते आत्ताच नोंदणीच्या टेबलावर द्यावेत. भाग अर्धाच उरला असला तरी चालेल, फक्त पत्र्याची जाडी कॅलिपरने मोजून चिठ्ठीवर लिहावी.