संसद नसलेल्या देशाची कविता



१ मे १७०७ रोजी स्कॉटलंड आणि इंग्लंड ही दोन राज्ये एक झाली. एडिंबरोची संसद विसर्जित झाली आणि सत्तेचे केंद्र लंडनला गेले. चर्च, न्यायव्यवस्था व शिक्षणपद्धती तेवढी स्कॉटलंडची स्वतःची उरली. स्वतःची संसद नसलेल्या देशाने आपली ओळख कशात शोधावी? या प्रश्नाचे उत्तर पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तेथील कवींनी शोधले.

त्यापूर्वीच्या कवितेतील देशभक्ती प्रामुख्याने रणांगणावरची होती. १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत राजा रॉबर्ट ब्रूसने इंग्रज सैन्याचा पराभव केला. सुमारे साठ वर्षांनी जॉन बार्बरने त्या पराक्रमावर दीर्घकाव्य रचले, तेही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या स्कॉट्स भाषेत.

एकीकरणानंतर मात्र सुशिक्षितांना आपल्याच बोलीचा संकोच वाटू लागला. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी तर लेखनात टाळावयाच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादीच १७५२ मध्ये छापली. अशा काळात, १७८६ साली, रॉबर्ट बर्न्स या शेतकऱ्याचा पहिला संग्रह किल्मार्नॉक येथे प्रसिद्ध झाला. नांगराखाली घर मोडलेला उंदीर आणि कष्टकऱ्याच्या घरची सायंकाळ त्याच्या कवितेत आली, ती बव्हंशी स्कॉट्स भाषेचा बाज घेऊनच. पुढे त्याने विस्मरणात चाललेली शेकडो लोकगीते गोळा केली, सावरली आणि त्या कामाचा मोबदला घेतला नाही. देशसेवेचे हे रूप तलवारीपेक्षा निराळे. पण कमी मोलाचे नव्हे.

विसाव्या शतकात ह्यू मॅकडायर्मिड या कवीने देशप्रेमाला आत्मपरीक्षणाची जोड दिली. १९२६ च्या त्याच्या दीर्घकाव्यात एक मद्यधुंद माणूस काटेरी थिसलकडे, म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रचिन्हाकडे, पाहत राहतो आणि देशाच्या दांभिकतेवर कठोर प्रहार करतो. बर्न्सच्या नावाने वर्षातून एकदा मेजवान्या झोडणारेही त्यातून सुटत नाहीत. जो देशावर प्रेम करतो, त्यालाच देशाला खडसावण्याचा अधिकार असतो, हे या काव्याने दाखवून दिले.

गेलिक भाषेची कथा अधिक करुण आहे. १८७२ च्या शिक्षण कायद्यात या भाषेला स्थानच नव्हते. शाळेत तिच्या वाट्याला उपेक्षा आली. रासे बेटावर १९११ साली जन्मलेल्या सॉर्ली मॅक्लेन यांनी त्याच भाषेत, जमीनदारांनी ओस पाडलेल्या गावांवर श्रेष्ठ कविता लिहिली. ते व्यवसायाने शिक्षक होते. १९५६ ते १९७२ या काळात प्लॉक्टनच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळताना, गेलिकला शिक्षणात मानाचे स्थान मिळावे म्हणून ते झटले. भाषा कवितेत अमर होते हे खरे. परंतु ती जिवंत राहते वर्गात आणि घरात.

१ जुलै १९९९ रोजी एडिंबरोत नव्या स्कॉटिश संसदेचे उद्घाटन झाले. त्या दिवशी गायिका शीना वेलिंग्टन यांनी बर्न्सचे गीत गायिले. बर्न्सने बॅनकबर्नवरही स्फूर्तिगीत लिहिले होते; तरी निवड झाली ती विजयगीताची नव्हे. माणसाचे मोल पदवी वा संपत्तीवर ठरत नाही, असे सांगणारे समतेचे गीत निवडले गेले. पुढे २०१६ मध्ये जॅकी के या राष्ट्रकवयित्री झाल्या. त्यांची आई स्कॉटिश, जन्मदाते वडील नायजेरियन. ग्लासगोच्या एका दांपत्याने त्यांना दत्तक घेऊन वाढविले. राष्ट्राची व्याख्या किती रुंदावली, याची ही साक्ष होय.

मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात स्कॉटलंडची ही कथा परकी वाटू नये. स्वभाषेचा अभिमान म्हणजे परभाषेचा द्वेष नव्हे, आणि देशप्रेम म्हणजे केवळ स्तुती नव्हे, हेच ती कविता सांगते. शाळेत शिकलेली भाषा माजी विद्यार्थ्यांच्या घरातील पुढच्या पिढीच्या ओठी राहावी, हीच या प्रसंगी सदिच्छा.