दीड मीटर उंचीवरचा पडदा

जुन्या ॲनालॉग टीव्हीचा सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांतूनही चेहरा ओळखू यायचा, बातमी कळायची. डिजिटल टीव्ही असा हळूहळू बिघडत नाही. एका पातळीपर्यंत चित्र लख्ख असते. त्याखाली जरा घसरले की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा पडतो. गच्चीवरची अँटेना एकदा मनोऱ्याकडे नीट वळवून ठेवली की घरातल्या संचावर ही वेळ सहसा येत नाही. चालत्या गाडीत हातात धरलेल्या पडद्यावर मात्र ती सारखी येते. त्यावर जास्त चांगली अँटेना, जास्त चांगला ट्यूनर असे संचाच्या बाजूचे इलाज सुचवले जातात. ते उपयोगी आहेत, जपानी मोटारींच्या काचांवर चार-चार पातळ अँटेना लावून त्यांचे सिग्नल एकत्र करतात. पण माझे म्हणणे असे की चालत्या प्रवाशाला टीव्ही दिसणार की नाही, हे मुख्यतः मनोऱ्याच्या टोकाला ठरते, आणि तेही प्रक्षेपणाचे मानक निवडतानाच.

असे का, ते आकड्यांतूनच पाहू. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर. मनोऱ्याकडून थेट आलेली लहर आणि इमारतींवर आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींत मिळतात, कुठे एकमेकींना मारतात. त्यामुळे साधारण दर पाव मीटरवर सिग्नलला एक खड्डा पडतो. ताशी ९० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला असे शंभरेक खड्डे. त्यात उंचीची भर. टीव्हीच्या क्षेत्राचे नकाशे परंपरेने १० मीटर उंचीवरची, एका दिशेला रोखलेली अँटेना गृहीत धरून काढतात. फोन असतो दीड मीटरवर, आणि त्याची अँटेना बोटाएवढीही नसते. दोन्ही मिळून तूट ३० डेसिबेलच्या घरात जाते, म्हणजे हजारपट. १० किलोवॉटच्या प्रक्षेपकाने ती भरून काढायची तर १०,००० किलोवॉट लागतील. ताकद वाढवून हे जमणार नाही. लहरीकडून मागणीच कमी करायला हवी.

ती कशी करायची, याचे दोन धडे दोन देशांनी घालून दिले. अमेरिकेने १९९६ साली निवडलेल्या मानकात सगळी माहिती एकाच वाहक लहरीवर, अतिशय छोट्या छोट्या चिन्हांत धाडली जाते. लहरीतल्या चुका एका जागी साचू नयेत म्हणून माहिती काळात विखरून पाठवतात. अमेरिकेत हा विखुरलेपणा सुमारे ४ मिलिसेकंदांचा. आपली ९० च्या वेगाची गाडी तेवढ्या वेळात जाते १० सेंटिमीटर. विखुरलेली सगळी माहिती एकाच खड्ड्यात सापडू शकते! जपानने हजारो वाहक लहरी शेजारी शेजारी चालवल्या, प्रत्येकीवरचे चिन्ह एक मिलिसेकंदाएवढे लांब ठेवले आणि माहिती अर्ध्या सेकंदाच्या आसपास विखरता येईल अशी सोय केली. तेवढ्या वेळात गाडी दहा-बारा मीटर पुढे जाते. वाटेत चाळीसेक खड्डे लागतात, तसे मधले उंचवटेही, आणि उंचवट्यांवर मिळालेल्या तुकड्यांतून हरवलेले तुकडे जुळवता येतात. शिवाय वाहिनीचे तेरा भाग पाडून मधला एक भाग फोनसाठी राखला. त्यावरची माहिती इतकी विरळ ठेवली की घरच्या हाय डेफिनिशन चित्राला लागणाऱ्या सिग्नलच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमीत काम भागावे. हीच १ एप्रिल २००६ ला सुरू झालेली ‘वन-सेग’ सेवा. चित्र लहान, पण धावत्या रेल्वेत टिकणारे. अमेरिकेने २००९ मध्ये जुन्या मानकावरच मोबाइलसाठी वेगळे ठिगळ जोडले. ते रुजले नाही. २०१७ साली तिथे परवानगी मिळालेल्या नव्या मानकाने अखेर अनेक वाहक लहरींचाच मार्ग धरला. मधली वीस वर्षे गेली ती गेलीच.

आता आक्षेप. पहिला असा की इंटरनेट हातात असताना मनोरा कशाला? रोजच्या करमणुकीपुरते हे खरे आहे. पण मोबाइल जाळे प्रत्येक प्रेक्षकाला वेगळी धार देते. माणसे वाढली की धार बारीक होते. मनोऱ्याला एक प्रेक्षक आणि दहा लाख प्रेक्षक सारखेच. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानी कंपन्यांना जाळे कोलमडू नये म्हणून ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत व्हॉइस कॉल अडवावे लागले, तेव्हा वन-सेगवर बातम्या येतच होत्या. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: त्याच जपानमध्ये पुढे वन-सेगचे फोन विरळ झाले. बऱ्याच परदेशी बनावटीच्या फोनांत ट्यूनर नव्हताच, आणि ज्यांच्या फोनात वन-सेग होते त्यांनीही एनएचके या सार्वजनिक प्रसारकाचे शुल्क भरलेच पाहिजे, असा निवाडा २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण यातून तंत्र फसले असे ठरत नाही. लहर पोहोचत होती, घेणारे यंत्र खिशातून गेले. त्यामुळे मानकाबरोबर ट्यूनरचीही तजवीज आधी करावी लागते, एवढी दुरुस्ती मी माझ्या म्हणण्यात करतो.

आपल्याकडे दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण मोबाइलवर पाहण्याची सोय जाहीर केली. फोनला बाहेरून डोंगल लावावे लागे. खिशातून डोंगल काढून, फोनला जोडून लोकलच्या दारात कोण उभे राहणार? आता मनोऱ्यावरून थेट फोनवर प्रक्षेपण करणाऱ्या ‘डायरेक्ट टू मोबाइल’चे प्रयोग बेंगळुरू, दिल्ली, नोएडा इथे झाले आहेत, ट्यूनर फोनच्या आत असावा असा विचार आहे, आणि आधार अमेरिकेच्या त्याच नव्या मानकाचा. ते मानक लवचीक आहे: त्यात गच्चीसाठी भरगच्च चित्र पाठवता येते, किंवा हातातल्या फोनसाठी विरळ पण चिवट. दोन्ही एकाच मनोऱ्यावरून वाटून देता येतात, मात्र वाटणी कुणीतरी करावी लागते, आणि चिवट भागाला जागा दिली की वाहिन्यांची संख्या घटते. तिथेच चिवट भाग आखडता घेण्याचा मोह होईल. म्हणून सेवा जाहीर होईल तेव्हा त्या क्षेत्राचा नकाशा दीड मीटर उंचीवरचा मागा, आणि त्यासाठीची मोजणी गच्चीवर न करता लोकलच्या डब्यात, घाटातल्या एसटीत आणि सिमेंटच्या छताखाली केलेली असू द्या.