समोर उभा राहणारा माणूस



गणपती दीड-दोन महिन्यांवर आले की पुण्यात संध्याकाळी नदीकाठच्या मोकळ्या जागांवर ढोल घुमायला लागतात. वाजवणारी मुलं-मुली बहुतेक कॉलेजातली. दिवसा इंजिनिअरिंगचं किंवा कॉमर्सचं लेक्चर आणि संध्याकाळी कमरेला ढोल. सरावाच्या जागी थोडा वेळ थांबून पाहिलंत तर त्या घोळक्यात एक जण बाकीच्यांकडे तोंड करून उभा दिसेल. ताशाची तर्री चालू असते. तो हात वर करतो, दोन बोटं दाखवतो आणि पुढच्या आवर्तनाला साठ-सत्तर ढोल पहिला हात सोडून दुसरा हात धरतात. पथकाच्या बोलीत हात म्हणजे ठरलेला ठेका. त्याने मूठ मिटली की सगळं एकदम गप्प. एखादं टिपरू उशिरा पडलं, तर रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्यालाही ते कळतं.

ढोल-ताशा शाळा-कॉलेजच्या मुलामुलींच्या हाती देण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनी या शिक्षणसंस्थेचा आणि तिचे संस्थापक आप्पा पेंडसे यांचा मोठा वाटा आहे. पुढे पथकं वाढली, ढोल वाढले, मिरवणुका लांबल्या, त्यावर वादही झाले. त्या वादात मी आज शिरत नाही. मला बोलायचं आहे ते समोर उभं राहून हात वर करणाऱ्या त्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल. हे काम त्यांना कोणी रीतसर शिकवलेलं नसतं. आधीच्या वर्षी जो उभा राहिला, त्याचं बघून ते शिकतात. आणि आपल्या विद्यापीठांतल्या समूहसंगीताची सगळी गोष्ट इथेच येऊन थांबते.

आपल्याकडे मोठ्या जमावाला एका लयीत चालवणारी माणसं नव्हती असं कोणी म्हणू नये. वारीतली समाजआरती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला पोचते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार हातातला दंड वर करतात आणि तो सगळा नाद थांबतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तेवढी दिंडी टाळ वाजवत राहते. मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, मार्ग निघतो आणि त्यानंतरच आरती. जमावाला गप्प करण्याचा अधिकार आणि वाजत राहिलेल्याचं ऐकण्याची जबाबदारी, दोन्ही एकाच दंडात. जगातल्या कुठल्याही वाद्यवृंदाच्या प्रमुखाने येऊन पाहावं असं हे दृश्य आहे. युरोपातही पूर्वी काठीच होती. फ्रान्सच्या राजदरबारातला संगीतकार लुली जाड काठी जमिनीवर आपटून ताल देत असे. एकदा ती काठी स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि १६८७ मध्ये तो त्यातच गेला. हातातली बारीक छडी युरोपात रुळली ती बरीच नंतर, एकोणिसाव्या शतकात.

पण ही काठी, छडी किंवा नुसता हात करतो काय? पहिलं काम म्हणजे श्वास देणं. गाणं सुरू होतं त्याच्या एक मात्रा आधी समोरचा माणूस हात उचलतो आणि स्वतः श्वास घेतो. त्याच्याबरोबर चाळीस जण श्वास घेतात, म्हणून पहिलं अक्षर चाळीस तोंडांतून एकदम येतं. हे नसेल तर पहिली ओळ कायम फाटकी. दुसरं काम कानाचं. कोण वर सरकतंय, कोण ‘आ’ पसरट लावतंय, कोणाचा आवाज शेजाऱ्याला झाकतोय, हे फक्त समोरून ऐकू येतं. रांगेत उभ्या असलेल्याला ते कळत नाही, तो कितीही तयारीचा असला तरी.

आणि मग येतो पट्टीचा प्रश्न. कॉलेजच्या समूहगानातली सगळ्यात मोठी अडचण हीच. मुलांची पट्टी साधारण काळी एक, फार तर पांढरी दोन. मुलींची काळी चार, काळी पाच. गाणं एक, चाल एक. काळी एकमध्ये लावलं तर मुलींचे खालचे स्वर घशातच राहतात, मुखडा ऐकूच येत नाही. काळी चारमध्ये लावलं तर अंतऱ्याला मुलांच्या मानेच्या शिरा फुगतात. बहुतेक ठिकाणी मधली एखादी पट्टी धरून दोघांनाही थोडं थोडं दुखवलं जातं. जाणता माणूस समोर असेल तर तो चालच वाटून देतो. मुखडा मुलांनी धरायचा, अंतऱ्याची उठावण मुलींनी करायची, आणि मुली वर गात असताना मुलांनी खाली षड्ज-पंचमाची साथ द्यायची. म्हणजे हार्मनी ही काही परक्या संगीतातून उसनी आणलेली नक्षी नव्हे. स्त्री-पुरुष आवाज एकत्र आले की ती गरज म्हणून उभी राहते. रागाला धक्का न लावता हे कसं साधायचं, याची समज वर्षानुवर्षांच्या कामातून येते. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस बोलावलेल्या शिक्षकाकडून ती अपेक्षा करणं चूक आहे.

आणि आपल्याकडे चालतं ते असंच. आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात भारतीय समूहगानाची आणि पाश्चात्य समूहगानाचीही स्पर्धा असते. भारतीय समूहगानाला गायक जास्तीत जास्त सहा, साथीदार तीन, वेळ दहा मिनिटं. एक देशभक्तिपर गीत, एक लोकगीत. या महोत्सवांनी खेड्यापाड्यांतले कितीतरी चांगले गळे पुढे आणले, हे मी आदराने सांगतो. पण सहा गळ्यांना समोर उभं राहणारा लागत नाही. ते एकमेकांकडे बघून गातात आणि छान गातात. परिणाम असा की, कॉलेजातलं समूहगान म्हणजे निवडक सहा जण, असंच ठरून गेलं आहे. सातव्याचं काय? ज्याचा गळा बेताचा आहे, पण सूर पक्का आहे आणि गायची हौस आहे, त्याने कुठे जायचं? तो पथकात ढोल वाजवायला जातो. तिथे त्याला कोणी विचारत नाही की तू पहिल्या सहांत आहेस का.

गोव्याकडे पाहा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवत, वाद्यमेळ रचत. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली गोन्साल्विसांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. भारतीय रागांवरच्या रचना, समोर मोठा वाद्यवृंद, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. आणि जागा? मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचं अंगण. एका कॉलेजच्या आवारात हे घडलं, याचं मला फार महत्त्व वाटतं. तो वाद्यवृंद पुढे टिकला नाही, गोन्साल्विस अमेरिकेला गेले आणि परत आल्यावर फारसे प्रकाशात राहिले नाहीत. पण गोवा विद्यापीठाने त्यांच्या नावाने पाश्चात्य संगीताचं अध्यासन सुरू केलं. त्या अध्यासनावर सांतियागो लुसार्दी जिरेल्ली हे अर्जेंटिनाचे संगीतज्ञ आले आणि त्यांनी विद्यापीठाचा गायकवृंद बांधला. आधी माणसासाठी जागा निर्माण झाली, मग माणूस आला, मग वृंद झाला. क्रम हाच असतो.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं उदाहरण रेडिओवरून बोलताना द्यायलाच हवं. नाताळच्या आदल्या दिवशी तिथला गायकवृंद गातो आणि बीबीसी ते १९२८ पासून ऐकवत आली आहे. त्या वृंदातले वयाने मोठे गायक मुख्यतः कॉलेजचे विद्यार्थीच. दर तीन-चार वर्षांनी शिकून निघून जाणारे. तरीही वृंदाचा आवाज ओळखू येतो, कारण समोरचा माणूस राहतो. स्टीफन क्लिओबरी तिथे १९८२ पासून २०१९ पर्यंत होते. सदतीस वर्षं! विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या.

आपल्या आकाशवाणीनेही हे ओळखलं होतं. १९५२ मध्ये दिल्लीला आकाशवाणीचा वाद्यवृंद सुरू झाला, तेव्हा त्याच्यापुढे पंडित रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर यांना उभं केलं गेलं. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे जाणते. सरकारी नोकरीत वाद्यवृंद चालवण्याचं पद असू शकतं, हे तेव्हाच सिद्ध झालं.

पुण्यात उणीव आहे ती अशा पदाचीच. गळे आहेत, ढोल वाजवणारे हात आहेत, सवाई गंधर्व महोत्सवात एकेकाळी रात्र-रात्र बसलेले कान आहेत. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात इथल्याच हौशी मंडळींनी नाचत-गात माणसांचा पडदा उभा केला, त्याचं संगीत भास्कर चंदावरकरांचं. १९८७ पासून विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, गुरुकुल पद्धतीने संगीत शिकवणारं. तिथे ‘समूहाचं नेतृत्व’ हा विषय रीतसर शिकवला जावा: श्वास कसा द्यायचा, चाल कशी वाटायची, तीस नवख्या आवाजांना एका सुरात कसं बसवायचं. आणि तिथून तयार झालेल्यांना कॉलेजांनी कामावर घ्यावं. जिमखान्याला क्रीडाशिक्षक असतो, त्याचा पगार असतो, त्याच्याकडे मैदानाची किल्ली असते. समूहगानालाही तेवढंच हवं.

प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये, स्पर्धेची नोटीस लागायच्या आधी, आठवड्यातले दोन तास आणि एक रिकामा वर्ग समूहगानासाठी ठरवून द्या. चाचणी घेऊन सहा जण निवडू नका, येईल त्याला घ्या. समोर उभं राहायला एक माणूस नेमा, आणि निदान पाच वर्षं त्याला तिथून हलवू नका.