आवाजाची मुद्रा

नभोवाणी ही कानांची सृष्टी. मग तिला बोधचिन्हाची उठाठेव हवी कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. आमच्याही मनात तो आला होता.

त्याचे उत्तर आपल्या कानांपाशीच आहे. तंबोऱ्याच्या साथीवर वाजणारी आकाशवाणीची ती छोटीशी सुरावट आठवा. नाझींच्या संकटामुळे युरोप सोडून १९३४ साली मुंबईस आलेल्या वॉल्टर काउफमान यांची ती रचना मानली जाते. निवेदक बदलले, सरकारे बदलली. ते सूर मात्र राहिले. रोज नवी धून वाजवली असती, तर ती कितीही गोड असती तरी आकाशवाणीची खूण झाली नसती. जो न्याय कानाला, तोच डोळ्याला.

लंडनच्या बीबीसीचे उदाहरण घेऊ. १९९७ पूर्वी तिची तीन अक्षरे तिरप्या चौकटींत बसलेली असत आणि त्यांखाली तीन रंगांच्या रेघा असत. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर त्या तिरप्या कडा सुबक उमटत नसत, आणि रंगांमुळे छपाईचा खर्च वाढे. शिवाय निरनिराळ्या विभागांची निरनिराळी चिन्हे होतीच. मार्टिन लॅम्बी-नेर्न यांनी चौकटी सरळ केल्या, रंगीत रेघा काढून टाकल्या आणि अक्षरांना ‘गिल सॅन्स’चे वळण दिले. हे वळण घडवणारा एरिक गिल मूर्तिकारही होता. बीबीसीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसच्या दारावरील प्रॉस्पेरो आणि एरिअल यांची शिल्पे त्याचीच! २०२१ साली बीबीसीने आपले स्वतःचे ‘रीथ’ हे वळण घेतले. तीन अक्षरे आणि तीन चौकटी मात्र तिने सोडल्या नाहीत. बदल करावा तो असा, की जुन्या श्रोत्याला परके वाटू नये.

लहानशा केंद्रालाही हे जमण्यासारखे आहे. मूळ रेखाटन एकच असावे. ज्याने त्याने पाहून पाहून नवे काढू नये. जागा भरण्यासाठी चिन्ह आडवे-उभे ताणू नये. रंग ठरलेला असावा, आणि एकाच शाईत छापायचे झाल्यास त्याचाही नमुना आधीच तयार असावा. चिन्हाभोवती थोडी मोकळी जागा ठेवावी. मोटारीवर, पत्राच्या माथ्यावर आणि मोबाइलच्या इवल्याशा चौकटीत ते सारखेच ओळखू यावे.

हा केवळ टापटिपीचा हव्यास नव्हे. पावसाळ्याच्या रात्री नदी चढू लागली आहे, आणि एखाद्या केंद्राचे चिन्ह चिकटवून धरण फुटल्याची अफवा मोबाइलवर फिरू लागली आहे, अशी कल्पना करा. ते केंद्रच आज हिरवे आणि उद्या जांभळे चिन्ह वापरत असेल, तर माणसांनी खरेखोटे कशावरून पारखावे? खरी नाणी एका छापाची असतात, म्हणून तर खोटे नाणे डोळ्यांत भरते.

अर्थात हुबेहूब नक्कलही होऊ शकते. म्हणून चिन्ह पाहून थांबू नये. केंद्र लावून त्याचा आवाज ऐकावा. आणि केंद्राने आपल्या मुद्रेखाली खोटा शब्द कधी जाऊ देऊ नये. रेखाटन चित्रकार करून देईल. त्याची पत मात्र बोलणाऱ्यांनी रोजच्या रोज राखायची असते.