पीएसए पुन्हा चढतो तेव्हा

कॅन्सरसाठी शस्त्रक्रियेत प्रोस्टेट पूर्ण काढली की रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून येणारं प्रथिन, जवळपास शून्यावर यायला हवा. पुढे कधी तो ०.२ वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच निघाला, तर आजार उलटला असं आम्ही धरतो. पण उलटला कुठे? एवढ्या कमी पीएसएला हाडांचा स्कॅन आणि सीटी बहुधा कोरेच येतात.

हे कोडं जुनं आहे. पीएसएमए नावाचं प्रथिन या कॅन्सरच्या पेशींवर भरपूर असतं. त्याला चिकटणारी, इंडियमचा किरणोत्सर्ग वाहणारी एक अँटिबॉडी अमेरिकेत १९९६ साली मान्य झाली. पण ती चिकटायची त्या प्रथिनाच्या पेशीच्या आत असलेल्या टोकाला! जिवंत पेशीत तिला शिरताच येईना. सापडायच्या त्या मरणपंथाला लागलेल्या पेशी. मग जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी पेशीबाहेरच्या भागाला घट्ट धरणारा छोटा रेणू घडवला, त्यावर गॅलियम-६८ बसवलं आणि २०११ मध्ये पहिल्या रुग्णाची पेट तपासणी झाली. चित्रच पालटलं. गॅलियम ६८ मिनिटांत निम्मं होतं, त्याऐवजी वापरतात त्या फ्लोरिन-१८ ला ११० मिनिटं लागतात. म्हणून फ्लोरिनचं औषध एका ठिकाणी बनवून दूरच्या रुग्णालयांतही पाठवता येतं.

आता माझ्या मनाला सर्वांत लागणारी गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांनी आजार उलटलेल्या ६३५ रुग्णांची गॅलियम पीएसएमए तपासणी केली. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. पीएसए ५ च्या वर असलेल्यांत ९७ टक्के वेळा जागा सापडली, ०.५ च्या खाली असलेल्यांत फक्त ३८ टक्के. आणि आजार उलटल्यावर देतात त्या रेडिएशनचा खरा उपयोग होतो तो पीएसए कमी असतानाच! त्यामुळे ‘स्कॅन कोरा आला, आता काही दिसेपर्यंत थांबू’ असं ऐकलं की मला फार काळजी वाटते. कोरा स्कॅन म्हणजे आजार नाही असं नव्हे, आणि त्यापायी ठरलेलं रेडिएशन लांबवू नये. युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

उलट बाजूही आहे. गॅलियमचं औषध लघवीतून जातं, मूत्राशय झगझगीत दिसतं आणि शेजारचा बारीक ठिपका त्यात हरवतो. पीएसएमए-१००७ हे फ्लोरिनचं औषध मुख्यतः यकृतावाटे जातं, तिथे ही अडचण कमी. मात्र त्यात बरगडीत एखादा फिकट ठिपका उगाच उमटतो. तेवढ्यावरून कॅन्सर हाडात गेला असं ठरवून माणसाला बरं होण्याच्या उपचारातून बाद करणं हा अन्याय आहे.

तुमच्यापैकी अनेकांचे वडील तुमच्यापासून दूर, पुण्याला, नाशिकला असतात आणि अहवाल तुमच्या फोनवर येतो. तो वाचताना आधी दोन गोष्टी पाहा: कोणतं औषध टोचलं होतं, आणि त्या सुमारास पीएसए किती होता. हे लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. बरगडीतला ठिपका एकटाच असेल, तर एमआरआय किंवा बायप्सीने खात्री करता येईल का, हेही विचारा.