कोड तोच, होस्ट बदलला: प्रोसेस बसवायची कुठे?

आजचा भाग कॉलेजात डिस्ट्रिब्युटेड सिस्टीमचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, आणि हिंजवडीत नुकतेच कामाला लागलेल्यांसाठीसुद्धा. प्रश्न एकच आहे. सिम्युलेशनमध्ये कोणती प्रोसेस कोणत्या होस्टवर बसवायची?

हिंजवडीत हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. फेज तीनमधलं ऑफिस कितीही चकाचक असू दे, शिवाजी चौकात सगळ्यांच्या गाड्या एकाच वेळी आल्या की त्या चकाचकपणाचा उपयोग काय? मशीन किती वेगवान आहे हे जसं बघायचं, तसंच तिथपर्यंतची वाट कशी आहे हेही बघायचं.

पुण्याला हा प्रश्न जुना आहे बरं का. १९८८ मध्ये इथे सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाच्या चिप होत्या, एकूण ६४ नोड. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला लिंक मात्र चारच. म्हणजे थेट बोलायला एका वेळी चार शेजारी. त्यापलीकडच्या चिपला निरोप द्यायचा तर तो मधल्या कुणाच्या तरी हातून जाणार. मग एकमेकांशी सतत बोलणाऱ्या प्रोसेस लांब लांब ठेवून कसं चालेल? ट्रान्सप्यूटरसाठी ऑकम नावाची भाषा होती. तिच्यात प्रोग्रामचं तर्कशास्त्र वेगळं लिहायचं आणि कुठली प्रोसेस कुठल्या प्रोसेसरवर, हे वेगळं लिहायचं. ही फारकत लक्षात ठेवा.

कारण आजच्या सिम्युलेटरमध्येही तीच आहे. उदाहरण घेऊ सिमग्रिडचं. हे मोफत, ओपन सोर्स आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात एक भाग प्लॅटफॉर्मचा: होस्ट किती, प्रत्येकाचा वेग किती, मधल्या लिंकची क्षमता किती. दुसरा भाग डिप्लॉयमेंटचा: अमुक होस्टवर अमुक फंक्शन चालव, त्याला ही आर्ग्युमेंट दे. तुमचा अल्गोरिदम तिसरीकडे, कोडमध्ये. जुन्या आवृत्त्यांत ‘प्रोसेस’ म्हणायचे, आता ‘ॲक्टर’ म्हणतात. गोष्ट तीच.

आता हिशेब करू. एक मास्टर आहे, त्याच्याकडे चार कामं. प्रत्येक कामासोबत १०० मेगाबाइट डेटा, म्हणजे ८०० मेगाबिट. साध्या मशीनवर एका कामाला २० सेकंद लागतात, वेगवान मशीनवर १०. सगळ्या मशीन एका कोअरच्या धरू.

पहिली मांडणी: चारही वर्कर मास्टरच्याच साध्या मशीनवर. डेटा कुठेच पाठवायचा नाही, पण चौघांत एकच कोअर. ८० सेकंद.

दुसरी: चार वर्कर लांबच्या चार वेगवान मशीनवर, पण वाटेत सगळ्यांना मिळून १०० मेगाबिटची एकच लिंक. ३२०० मेगाबिट जायला ३२ सेकंद, वर १० सेकंदांचं काम. ४२.

तिसरी: चार वर्कर जवळच्या चार साध्या मशीनवर, वाटेत १ गिगाबिटची लिंक. ३.२ अधिक २०. साधारण २३ सेकंद.

अल्गोरिदमची एक ओळही बदललेली नाही. तरी ८०, ४२ आणि २३! आणि जिंकल्या कोण, तर संथ मशीन.

म्हणूनच ‘माझा अल्गोरिदम त्याच्यापेक्षा दुप्पट वेगवान’ असं कुणी रिपोर्टमध्ये लिहिलं, की पहिला प्रश्न विचारा: दोघांची मांडणी एकच होती का? नसेल, तर ती तुलना अल्गोरिदमची नाहीच. कदाचित चांगला अल्गोरिदम वाईट जागी बसला म्हणून हरला असेल, आणि तुम्ही तो फेकून द्याल. ऑफिसात याच आकड्यांवर कुणी क्लाउडची महागडी मशीन भाड्याने घेईल, आणि खरी अडचण लिंकमध्ये असेल.

मग करायचं काय? एक, डिप्लॉयमेंट कोडमध्ये कोंबू नका, वेगळं ठेवा. म्हणजे बदलून बघता येतं. दोन, होस्टचं नाव प्लॅटफॉर्ममध्ये जसं आहे तसंच लिहा. एका अक्षराचा फरक पडला तरी सिम्युलेटरला तो होस्ट सापडणार नाही. तीन, निदान तीन मांडण्या चालवून बघा: सगळे एकत्र, सगळे पसरलेले, आणि बोलणारे जवळजवळ. चार, रिपोर्टमध्ये निकालासोबत मांडणीही छापा.

आणि एक भान ठेवा. सिम्युलेटरला तुम्ही सांगितलेलीच लिंक दिसते. खऱ्या नेटवर्कवर दुसऱ्यांचीही वर्दळ असते. ती प्लॅटफॉर्ममध्ये धरली नसेल, तर निकालातही नसेल.

तर या आठवड्यात तुमच्या प्रोजेक्टची डिप्लॉयमेंट फाइल उघडा, दोन वर्करची अदलाबदल करा आणि आकडा किती हलतो ते बघा. भेटू पुढच्या भागात!