दप्तर मागायला शिकले पाहिजे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. कायदा शिकविला नाही. तरीही पोलीस ठाणे आणि फौजदारी न्यायालय यांच्या दप्तराविषयी बोलण्याचे मी मान्य केले, कारण हा विषय केवळ वकिलांचा आहे असे मी मानत नाही. माहिती हीही एक संपत्ती आहे, आणि जमिनीप्रमाणे व भांडवलाप्रमाणे तिचीही वाटणी आपल्या समाजात विषम आहे. धनिकाच्या घरी कागद चालत येतो. गरिबाला मात्र आपल्यावर नेमके कोणते कलम लावले आहे, हेदेखील वर्षानुवर्षे ठाऊक नसते. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. आणि जेथे असे पाहावे लागते, तेथे दलाल उभा राहतो.

आपल्या चळवळीला हा प्रश्न फार जवळून भिडतो. मोर्चा निघतो, जमावबंदीचा आदेश असतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ आणि १३५ खाली नावे लिहून घेतली जातात. संध्याकाळी सुटका होते, हारतुरे होतात आणि सारे विसरतात. पुढे सात-आठ वर्षांनी त्या मोर्चातला एखादा तरुण नोकरीला लागतो किंवा पारपत्रासाठी अर्ज करतो आणि चारित्र्य पडताळणीत त्याचा कागद अडतो. नेता तोवर आमदार झालेला असतो. अडतो तो कार्यकर्ता. ‘आंदोलनातील खटले मागे घेतले’ अशी घोषणा शासन अधूनमधून करते. परंतु घोषणेने खटला संपत नाही. सरकारी अभियोक्त्याने अर्ज करावा लागतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ३६० आहे, जुन्या संहितेत ते ३२१ होते. हा अर्ज झाला की नाही, त्यावर आदेश काय झाला, हे कागद पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून कागद कसा मागावा, हे क्रमाने पाहू.

पहिला कागद म्हणजे प्रथम खबर, ज्याला आपण सारे एफआयआर म्हणतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला तिची प्रत विनामूल्य आणि ताबडतोब मिळाली पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे. ठाणे अंमलदाराने खबर नोंदविण्याचेच नाकारले, तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा आणि पोहोच जपून ठेवावी. तेथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. अदखलपात्र गुन्ह्याची ‘एन. सी.’ नोंद झाली असेल, तर तिचा क्रमांक आणि प्रत मागून घ्यावी.

आरोपीचे काय? सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात असे ठरविले की, आरोपीने वा त्याच्या वतीने अर्ज केल्यास पोलिसांनी चोवीस तासांत आणि न्यायालयाने दोन दिवसांत एफआयआरची प्रमाणित प्रत द्यावी. शिवाय लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांचा अपवाद करून प्रत्येक एफआयआर साधारणपणे चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी, असाही आदेश आहे. तेव्हा ‘आपल्या पोरांवर काय लागले?’ असे विचारीत ठाण्याच्या पायरीवर रात्रभर बसण्याचे कारण उरलेले नाही. जिल्हा, ठाणे आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक माहीत असला, की पुष्कळदा प्रत घरबसल्या मिळते.

अटक झाली असेल, तर आणखी दोन गोष्टी विसरू नयेत. अटक झालेल्या माणसाच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत त्याला मिळण्याचा हक्क आहे. दुसरी गोष्ट ठाण्यातील कॅमेऱ्यांची. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवावेत आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष, जपावे असे सांगितले. कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार असेल, तर तारीख आणि वेळ घालून चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच आठवड्यात करावी. उशिरा केलेली मागणी बहुधा पुसलेल्या चित्रणावर जाऊन आदळते.

तपास चालू असता सारेच कागद मिळत नाहीत. तपासाची केस डायरी आरोपीला मागता येत नाही, हे कायद्यातच आहे. मात्र तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत खबर देणाऱ्याला वा पीडिताला कळविण्याचे बंधन नव्या संहितेच्या कलम १९३ ने पोलिसांवर घातले आहे. दलित वस्तीवरील हल्ल्याची किंवा शेतमजूर स्त्रीच्या छळाची फिर्याद दिली आणि तीन महिने चकार शब्द कळला नाही, तर या कलमाचा उल्लेख करून लेखी विचारणा करावी.

येथे महाराष्ट्रातील एका विशेष गोष्टीकडे लक्ष वेधतो. दोषारोपपत्र न पाठविता पोलीस प्रकरण मिटवितात, तेव्हा ते न्यायालयात ‘समरी’ पाठवितात. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण छडा लागला नाही. ‘बी’ म्हणजे फिर्यादच द्वेषबुद्धीने खोटी. ‘सी’ म्हणजे फिर्याद खरीही नाही नि खोटीही नाही, गैरसमजुतीची किंवा दिवाणी स्वरूपाची. गरिबाच्या फिर्यादीवर ‘बी’ समरी लागली की तो आपोआप खोटारडा ठरतो. परंतु १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, प्रकरण बंद करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने फिर्यादीला सूचना देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. ही सूचना आली, तर घाबरून घरी बसू नये. समरी अहवालाची आणि सोबतच्या जबाबांची नक्कल घ्यावी आणि लेखी हरकत नोंदवावी.

दोषारोपपत्र दाखल झाले, की दप्तर न्यायालयाच्या ताब्यात जाते. आरोपीला पोलिसांचा अहवाल, एफआयआर, साक्षीदारांचे जबाब या साऱ्यांच्या प्रती फुकट मिळतात. कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्या द्यावयाच्या असतात, आणि पीडिताचा वकील असेल तर पीडितालाही. कैदेची शिक्षा झाली, तर निकालपत्राची प्रत आरोपीला तत्काळ आणि विनामूल्य द्यावी लागते. इतर कागदांसाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा. त्यात खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे आणि हवा असलेला नेमका कागद लिहावा: रोजनामा, पंचनामा, अमक्या साक्षीदाराची साक्ष, अमक्या तारखेचा आदेश. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहू नये. त्याने खर्च वाढतो आणि अर्ज रेंगाळतो. क्रमांक माहीत नसेल, तर न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावावरून वा एफआयआरच्या क्रमांकावरून शोध घेता येतो. तेथे प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक कायमचा क्रमांक असतो, तो टिपून ठेवावा. जो खटल्यात पक्षकार नाही, त्याला कारण नमूद करून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

आता माहितीच्या अधिकाराकडे वळू. अनेक कार्यकर्त्यांना २००५ चा हा कायदा म्हणजे सर्व कुलुपांची एकच किल्ली वाटते. तसे नाही. ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, न्यायालयीन दप्तराच्या प्रती न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, माहितीच्या अधिकाराखाली नव्हे. दोषारोपपत्रे सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवावीत, ही मागणीही जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली गेली. म्हणून न्यायालयातील कागदासाठी नक्कल-अर्ज आणि पोलिसांच्या कारभारासाठी माहितीचा अर्ज, अशी विभागणी मनाशी पक्की करावी.

पोलिसांकडे माहिती मागताना प्रश्न विचारू नये, कागद मागावा. ‘माझ्या तक्रारीवर कारवाई का केली नाही?’ याचे उत्तर देण्यास माहिती अधिकारी बांधलेला नाही. ‘माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदी, टिप्पण्या व पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात’ ही मागणी मात्र त्याला टाळता येत नाही. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते, पानामागे दोन रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. उत्तर तीस दिवसांत यावे. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. न आल्यास तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

‘तपास चालू आहे’ एवढेच लिहून पुष्कळ अर्ज परत येतात. कायद्यातील अपवाद तपास चालू असण्याचा नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा येण्याचा आहे. तो अडथळा कसा येईल, हे अधिकाऱ्याने दाखविले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात स्पष्ट केले. अपिलात हा मुद्दा आवर्जून घ्यावा. आणखी एक सावध सूचना. वैयक्तिक माहितीच्या अपवादाला पूर्वी जी लोकहिताची जोड होती, ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या कलमातून काढून टाकण्यात आली. या बदलाविरुद्ध आपण आवाज उठविलाच पाहिजे. परंतु कलम ८(२) मधील व्यापक लोकहिताची तरतूद शाबूत आहे, तिचा आधार घ्यावयास विसरू नये.

हक्काबरोबर मर्यादाही सांगितली पाहिजे. अत्याचारित स्त्रीचे नाव, अल्पवयीन मुलाचे प्रकरण, खबर देणाऱ्याची ओळख ही कायद्याने झाकली आहे आणि ती झाकलेलीच राहिली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याच्या घरातले जुने प्रकरण उकरून निवडणुकीत फडकाविणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. आपण सत्तेच्या कारभारावर उजेड मागतो. दुर्बळाच्या खासगी दुःखावर नव्हे.

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. माहितीच्या अर्जाची किंमत दहा रुपये आहे, असे सरकार म्हणते. पण शेतमजुराला तालुक्याला तीन हेलपाटे घालावे लागले, तर तीन दिवसांची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे. खरी किंमत ती आहे, आणि ती एकट्याने पेलवत नाही म्हणून तो कागदाचा नाद सोडतो. ही किंमत वाटून घेणे, हेच संघटनेचे काम होय. प्रत्येक शाखेने एक नोंदवही ठेवावी: कोणावर, कोणत्या ठाण्यात, कोणत्या क्रमांकाचा गुन्हा, खटला कोठे, पुढची तारीख कोणती, कोणत्या नकला हाती आल्या. दहा जणांचे अर्ज घेऊन एकाने जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, कोठडीतील व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यांना तालुका विधी सेवा समितीच्या दारापर्यंत पोहोचवावे.

हे काम मोर्चासारखे दिसत नाही, त्याचे छायाचित्रही निघत नाही. पण मोर्चात आलेला माणूस दहा वर्षांनी आपल्याविषयी काय म्हणेल, हे या नोंदवहीवरून ठरणार आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या भागातील प्रलंबित खटल्यांची यादी सोबत आणावी, एवढीच माझी विनंती आहे.